क्रॉसओव्हरमागे छोटा कॅम्पर: हिच घेण्याआधी वजनाचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक क्रॉसओव्हर. कंपनीच्या कागदावर ब्रेक असलेला ट्रेलर १५०० किलोपर्यंत आणि ब्रेक नसलेला ७५० किलोपर्यंत ओढायला परवानगी. प्रवासाला चार माणसं. पसंत केलेल्या कॅम्परचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या ट्रेलरचं, ब्रोशरमधलं वजन ९५० किलो. तुमच्या खरेदीच्या यादीत २००० किलोचा दणकट हिच (गाडीमागे ट्रेलर जोडायचा सांगाडा), मागच्या स्प्रिंगमध्ये बसणाऱ्या एअरबॅग आणि रुंद टायर आहेत. ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारं यंत्र, ‘जमलं तर पुढच्या वर्षी’.

वस्तू वाईट नाहीत, क्रम उलटा आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: बाजारातली कुठलीही वस्तू बसवून १५०० चे १६०० होत नाहीत. कंपनीने जी क्षमता दिली आहे ती सुरक्षितपणे वापरता यावी, एवढंच या सामानाचं काम. शिवाय तुमच्या गाडीत सगळ्यात आधी संपणार आहे ती ओढायची ताकद नव्हे, भार पेलायची क्षमता. म्हणून सुरुवात वजनापासून.

ब्रोशरमधले ९५० किलो हे रिकाम्या कॅम्परचं वजन. त्यात पाणी नाही, गॅसची टाकी नाही, बहुतेक वेळा बॅटरी आणि बाहेर उघडायची कापडी कनातही धरलेली नसते. ८० लिटर पाणी म्हणजे सरळ ८० किलो. त्यावर अंथरूण-पांघरूण, भांडी, खुर्च्या, पाइप, ठोकळे, शिधा. छोट्या कॅम्परमध्येही १५० ते २५० किलोची भर सहज पडते. आपण ११५० किलो धरू. १५०० च्या मानाने अजून ३५० किलो शिल्लक आहेत, म्हणजे सगळं आलबेल दिसतं.

आता दुसरं गणित. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये गाडीचा पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून ती किती भार पेलते तो आकडा, दिलेला असतो. क्रॉसओव्हरला तो साधारण ४०० ते ५०० किलोंच्या घरात असतो. तुमचा ४७० धरतो. दोन मोठी माणसं १४५ किलो, दोन मुलं ९०, डिकीतलं सामान ७०, हिच-बॉल-वायरिंग २५, टपावर कॅरियर आणि दोन सायकली ४०. झाले ३७०. उरले १००. आणि कॅम्परचा दांडा हिचच्या बॉलवर जे वजन टाकतो, ज्याला टंग वेट म्हणतात, ते ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्के धरलं तरी ११५ किलो. गाडी १५ किलोंनी ओव्हरलोड झाली, तेही ओढायची क्षमता ३५० किलो शिल्लक असताना. (काही देशांच्या कागदपत्रांत चालकाचे ७५ किलो गाडीच्या रिकाम्या वजनातच धरलेले असतात. तुमच्याकडे तसं असेल तर ते दोनदा मोजू नका.)

मग टंग वेटच कमी केलं तर? इथेच बहुतेक लोक फसतात. दांडा हलका झाला की कॅम्पर उलाळ, म्हणजे मागे जड होतो, आणि उलाळ ट्रेलर वेगात असताना शेपटी हलवायला लागतो. अमेरिकी पद्धतीत टंग वेट १० ते १५ टक्के ठेवायला सांगतात. युरोपात प्रमाण कमी असतं, कारण तिथल्या बऱ्याच गाड्यांना बॉलवर ७५ ते १०० किलोंचीच मर्यादा असते, आणि त्याच हिशेबाने ट्रेलरची रचना, स्टॅबिलायझर कपलिंग (झुलणं रोखणारी जोडणी) आणि वेगमर्यादा ठरलेल्या असतात. तुम्ही एवढंच करायचं: गाडीच्या मॅन्युअलमधली बॉलवरची मर्यादा, हिचच्या पाटीवरची आणि कॅम्परच्या कपलरवरची (दांड्याच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) असे तीन आकडे लिहून काढायचे, त्यातला सगळ्यात लहान तो आपला मानायचा आणि प्रत्यक्ष वजन त्याच्या आत, पण त्याच्या जवळ ठेवायचं.

बॉलवरचं वजन मोजायला मोठा वजनकाटा कामाचा नाही. वाहनांचे काटे दहा-वीस किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात आणि इथे एकेका किलोचा प्रश्न आहे. माणसाचं वजन करायचा १५० किलोंपर्यंतचा साधा काटा घ्या, त्यावर जाडजूड लाकडी ठोकळा उभा करा, चाकांना अटकाव लावा आणि हिचच्या बॉलइतक्याच उंचीवर दांडा त्यावर टेकवा. कॅम्पर सपाट आणि प्रवासाला निघताना असेल तसाच भरलेला हवा. मोठ्या काट्यावर मात्र जोडलेली गाडी एकदा न्यायचीच: पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि कॅम्परची चाकं असे तीन आकडे वेगवेगळे घ्या.

वेगवेगळे का, तर हे बघा. गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २.७ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागे असेल, तर बॉलवरचे ११५ किलो मागच्या ॲक्सलवर सुमारे १६२ किलो होऊन बसतात, कारण पुढच्या चाकांवरचे ४७ किलो तिकडे सरकतात. बरेच क्रॉसओव्हर मुळात पुढच्या चाकांनी ओढणारे. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं, वळायचं आणि सर्वात जास्त ब्रेक लावायचा तीच हलकी झाली. ओल्या चढावर निघताना पुढची चाकं फिरतात ती यामुळेच.

तुमच्या एअरबॅगचा हिशेब इथे लागतो. त्या गाडीची मागची बाजू वर उचलतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जाणं थांबतं, स्प्रिंग तळाला आपटत नाही. तेवढ्यापुरत्या त्या उपयोगी आहेत. पण पुढच्या ॲक्सलवरून गेलेले ४७ किलो त्या परत आणत नाहीत आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा किलोभरही वाढवत नाहीत. गाडी सपाट दिसू लागते, भार तितकाच राहतो. मला तर त्यांचा एक तोटाच जास्त वाटतो: मागचा भाग बसलेला दिसत होता, ती धोक्याची खूणच झाकली जाते. वजन खरोखर पुढे ढकलायचं काम वेट डिस्ट्रिब्युशन हिच करतो, पण मोनोकॉक (बॉडी आणि चेसिस एकसंध) बांधणीच्या बऱ्याच क्रॉसओव्हरच्या मॅन्युअलमध्ये तो वापरायला स्पष्ट मनाई असते. त्याच्या स्प्रिंगसारख्या दांड्यांचा पीळ हिच जिथे बोल्टने बसतो त्या पत्र्यावर येतो. मॅन्युअल नाही म्हणत असेल तर विक्रेत्याच्या होकाराला अर्थ नाही.

एक मुद्दा राहिला, १५०० चा आकडा येतो कुठून. अमेरिकी बाजारात बऱ्याच कंपन्या ‘एसएई जे२८०७’ ही चाचणीपद्धत पाळतात. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब, तापलेल्या चढावर एसी पूर्ण चालू ठेवून किमान वेग टिकतो का, १२ टक्के चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघते का, हे तपासतात. गाडीत माणसं मात्र दोनच धरलेली, प्रत्येकी ६८ किलोंची. तुम्ही चौघं, वर सायकली. कागदावरचा कमाल आकडा म्हणजे तुमच्या कुटुंबासकटचा आकडा नव्हे. शिवाय एकाच मॉडेलला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी क्षमता दिलेली असते, तेव्हा इंटरनेटवरच्या परदेशी आकड्यावर जाऊ नका. तुमच्या चेसिस नंबरच्या गाडीचे कागद बघा.

आता ब्रेक. हे मी पुढच्या वर्षावर मुळीच ढकलू देणार नाही. ७५० किलोंच्या वर ब्रेक नसलेला ट्रेलर तुमच्या गाडीला चालतच नाही, कागदच तसं सांगतात. आणि ११५० किलो मागून ढकलत असताना गाडीच्या चार डिस्कवर दोन वाहनांच्या भाराची उष्णता जमते. लांब उतारावर ब्रेक ‘लाकडासारखे’ होतात ते याने.

दोन प्रकार मिळतात. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी मंदावली की कॅम्पर पुढे रेटला जातो, दांड्यातला दट्ट्या आत जातो आणि त्याच दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. गाडीत काहीच बसवावं लागत नाही, छोट्या कॅम्परला हे पुरेसं. दुसरा प्रकार इलेक्ट्रिक ब्रेकचा, त्याला गाडीत कंट्रोलर लागतो. टाइम-डिलेड कंट्रोलर ब्रेकचा दिवा लागला की ठरलेल्या चढत्या क्रमाने करंट सोडतो, मग तुम्ही पेडलला नुसता पाय लावलेला असो की पूर्ण दाबलेलं असो. प्रपोर्शनल कंट्रोलर गाडी किती जोरात मंदावते ते ओळखून तेवढाच ब्रेक देतो. दुसराच घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही. बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये डॅशबोर्डखाली कंट्रोलरसाठी तयार प्लग नसतो. अशांसाठी ट्रेलरच्या प्लगजवळच बसणारे, मोबाइलवरून चालणारे कंट्रोलर मिळतात. त्यांच्याबद्दल एकच अट: हाताने ट्रेलर-ब्रेक लावायचं बटण चालकाला न बघता सापडलं पाहिजे.

कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक किती जोराने लागावा तो आकडा, लावायला मोकळी, कोरडी, सपाट जागा हवी. कॅम्पर भरलेला. ताशी ३५-४० किलोमीटर वेगात गाडीचा ब्रेक न लावता फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबा. चाकं लॉक व्हायच्या बेतात येईपर्यंत गेन वाढवा, मग किंचित कमी करा. पाणी भरलं किंवा रिकामं केलं की हे परत बघायचं. ब्रेकअवे स्विचची (कॅम्पर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच) तार गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा. बॉल माउंटला (बॉल बसवलेला, हिचला जोडायचा तुकडा) किंवा सेफ्टी चेनच्या हुकात अडकवलेली तार बॉल माउंट निसटल्यावर त्याच्याबरोबरच जाते, मग स्विच ओढणार कोण? त्या स्विचची छोटी बॅटरी मेलेली असते आणि कुणाला पत्ता नसतो, हेही नेहमीचंच. चेन दांड्याखाली कात्रीसारख्या एकमेकींना छेद देत लावा. दांडा सुटलाच तर जमिनीत रुतण्याऐवजी त्यांच्यावर पडेल.

हिचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला, कंपनीने चेसिस रेल्समध्ये दिलेल्या मूळ छिद्रांत बोल्टने बसणारा घ्या. वेल्डिंग करून बसवतो म्हणणाऱ्या गॅरेजमधून उठून यायचं. बोल्ट टॉर्क रेंचने, दिलेल्या आकड्यालाच कसायचे आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. २००० किलोचा हिच १५०० च्या गाडीवर चालेल. त्याने बिघडत काही नाही, पण साखळी सगळ्यात कमजोर कडीइतकीच. वर त्याचं स्वतःचं जास्तीचं वजन पेलोडमधून जातं ते वेगळंच. युरोपीय हिचवर किलोन्यूटनमध्ये ‘डी’ आकडा असतो, ओढतानाचा किती जोर हिच सहन करतो तो. आपल्याला किती ‘डी’ लागतो ते काढायला गाडीचं आणि ट्रेलरचं वजन टनांत घेऊन त्यांचा गुणाकार भागिले बेरीज करायची आणि ९.८१ ने गुणायचं. गाडी २.२ टन, कॅम्पर १.२ टन असेल तर सुमारे ७.६ येतात, हिचवरचा आकडा त्याहून मोठा हवा.

बॉलच्या मापाकडे मात्र नीट बघा. ४७.६ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंचांहून थोडा मोठा बॉल, ५० मिलिमीटरच्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो, लॅचही लागतो, आणि खड्ड्यात उडतो. दोन्हीवर माप कोरलेलं असतं, ते जुळलं पाहिजे. जोडल्यावर कॅम्परच्या पुढच्या जॅकने दांडा वर उचलून बघायचा. गाडीची मागची बाजू त्याच्याबरोबर उचलली गेली तरच कपलर खरा बसला आहे. बॉलची उंची अशी ठेवा की भरलेला कॅम्पर सपाट किंवा नाकाकडे किंचित खाली राहील. साध्या कपलरच्या बॉलला ग्रीस लागतं. घर्षणाच्या पॅडवाल्या स्टॅबिलायझर कपलिंगचा बॉल मात्र एकदम कोरडा आणि स्वच्छ हवा, तिथे ग्रीस लावलं की स्टॅबिलायझर शोभेपुरता उरतो.

वायरिंगमध्ये नव्या गाड्या नाजूक आहेत. टेललाइटची वायर सोलून तिथूनच ट्रेलरच्या दिव्यांना फाटा द्यायचे दिवस गेले. गाडीचा संगणक प्रत्येक दिव्याचा करंट मोजत असतो. जास्त करंट दिसला की चूक दाखवतो किंवा ते सर्किट बंद करतो. म्हणून फक्त सिग्नल वाचणारा आणि दिव्यांसाठीची वीज फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घेणारा मॉड्यूल हवा. त्याहून बरं म्हणजे गाडीच्या कंपनीचा किंवा त्या मॉडेलसाठीचा खास संच, कोडिंगसह (गाडीच्या संगणकात त्याची नोंद करून). ट्रेलर जोडला आहे हे गाडीला कळलं की मागचे पार्किंग सेन्सर गप्प बसतात आणि ट्रेलर स्टॅबिलिटी (झुलणारा ट्रेलर आवरणारी) ही सोय असेल तर जागी होते. ही शेवटची गोष्ट एकटीच त्या संचाचे पैसे वसूल करते. दिवे चित्रविचित्र लागले, इंडिकेटरबरोबर ब्रेकचा दिवाही लुकलुकला, तर दुसरं काही शोधण्याआधी अर्थिंग बघा.

कॅम्परची बॅटरी चालता चालता चार्ज करायची असेल तर जाड वायर आणि डीसी-टू-डीसी चार्जर घ्या. आताचे स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतात, नुसत्या वायरने बॅटरी अर्धवटच भरते. वायरच्या जाडीचं साधं उदाहरण: २० अँपिअर, जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर. २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच सुमारे १.४ व्होल्ट जातात, ६ ची असेल तर ०.६ च्या आत. बारा व्होल्टमध्ये हा फरक मोठा आहे.

इंजिनाची ताकद टर्बोमुळे पुरेल. दम लागतो गिअरबॉक्सला. टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक कमी वेगात, चढावर स्लिप होताना तेल तापवतो. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक) सतत भाराखाली तापतो आणि संरक्षण म्हणून ताकद कमी करतो. ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) ऑटोमॅटिकला सगळ्यात जास्त त्रास होतो तो चढावर कॅम्पर रिव्हर्स लावताना: इंच-इंच सरकत राहिलात की क्लच जळाल्याचा वास येतोच. अशा वेळी थांबा, थंड होऊ द्या, किंवा जागा सपाट बघा. बाहेरचा ऑइल कूलर बसवण्याआधी तुमच्याच मॉडेलच्या टोइंग पॅकेजमध्ये कंपनी मोठा फॅन किंवा कूलर देते का ते विचारा. देत असेल तर तोच भाग लावा, वॉरंटीची कटकटही राहत नाही. ओबीडी पोर्टला (गाडीचे बिघाड वाचायचं सॉकेट) लावायचा छोटा स्कॅनर घेऊन, गाडी दाखवत असेल तर, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान बघत राहणं हा यातला सर्वात स्वस्त आणि उपयोगी खर्च. तेल मात्र मॅन्युअलमधल्या ‘कठीण वापर’ रकान्याप्रमाणे लवकर बदला.

तापमान आटोक्यात ठेवायचा खरा उपाय उजव्या पायात आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की अडथळा ५६ टक्क्यांनी वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. उभ्या भिंतीचा, रुंद कॅम्पर असेल तर समोरचं क्षेत्रफळ गाडीच्या दीडपट-दुप्पट भरतं. काही कंपन्या वजनाबरोबर या क्षेत्रफळालाही मर्यादा घालतात, तेवढी ओळ मॅन्युअलमध्ये शोधा. निवड अजून तुमच्या हातात असेल तर प्रवासात छत खाली बसणारा कॅम्पर घ्या. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना तर हा सल्ला दुप्पट जोराने, कारण वाऱ्याची किंमत त्यांच्या रेंजमधून वसूल होते.

रुंद टायर नकोत. हवा आहे तो लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो ते सांगणारा अंक), मूळ मापात, आणि पूर्ण भारासाठी स्टिकरवर दिलेला हवेचा दाब. कॅम्परच्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी तारीख वाचा: कडेच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उभ्या उभ्या म्हातारे झालेले टायर पाच-सहा वर्षांनी बदलायचे. आरसे कॅम्परच्या कडेपलीकडचं दाखवत नसतील तर वाढीव आरसे लावा.

भरताना जड वस्तू ॲक्सलच्या वर, किंचित पुढे आणि जमिनीलगत. मागच्या बंपरवर सायकली टांगायचा मोह आवरा. ती उलाळ होण्याची सरळ वाट. तरीही कॅम्पर झुलायला लागलाच, तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा. झुलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू नका, वेग वाढवून ‘ताणून’ सरळ करायला तर मुळीच जाऊ नका. उतारावर वर चढताना वापरला होता तोच गिअर, क्रूझ कंट्रोल बंद.

राहिला तुमचा १५ किलोंचा फरक. टपावरचा कॅरियर काढून सायकली कॅम्परच्या आत ॲक्सलवर, पट्ट्यांनी बांधून ठेवल्या की गाडीवरचे ४० किलो जातात आणि टपाचा वाराही जातो. पाण्याची टाकी मुक्कामाजवळ भरा; फक्त ती ॲक्सलच्या मागे असेल तर रिकामी केल्यावर टंग वेट वाढतं आणि पुढे असेल तर कमी होतं, म्हणून त्यानंतर घरच्या काट्यावर पुन्हा एकदा दांडा टेकवून बघायचा. एवढं करूनही मागच्या ॲक्सलचा आकडा मर्यादेबाहेर गेला, तर गाडीवर आणखी काही चढवू नका. ९५० ऐवजी ७०० किलोंचा कॅम्पर बघा, ब्रेकसह.